शिकविणाऱ्याचे शिकणे

विद्या देणाऱ्याने पुन्हा विद्यार्थी व्हावे काय? १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. तत्पूर्वी माधवराव शिंदे यांनी राजाभैया पूछवाले प्रभृती गवयांस पंडित भातखंडे यांजकडे मुंबईस धाडले. राजाभैयांचे गाणे तयारच होते. शिकावयाची होती ती स्वरलिपी आणि वर्गास शिकविण्याची पद्धती. मुखपरंपरेत वाढलेल्याने पस्तिशीत नवी लिपी गिरवावी, हा गुरूशी द्रोह काय? आम्हांस तसे वाटत नाही. एकदोन शिष्यांस समोर बसवून द्यावयाची विद्या भरल्या वर्गास देण्याची रीत निराळी. लिपीत न उतरणारे पुष्कळ असते, ते गुरुसान्निध्यातच लाभते, हे खरे. परंतु ऋषिऋण फिटते ते विद्या पुढे दिल्यानेच. देण्याची रीत शिकण्यास लाजणारा ते ऋण बुडवितो, असे आम्ही म्हणतो.