दुसऱ्याच्या दंडातली लस

आमच्या मालवण पट्ट्यात आजारी माणसाला बघायला जाणं हे ऋण मानलं जातं. शेजारी पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेला असताना आपण फिरकलो नाही, तर ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं निघत राहते. म्हणून माणसं येतात. कुणी शहाळं आणतं, कुणी मोसंबी, कुणी डब्यातून पेज. खाटेच्या कडेला टेकतात, हात हातात घेतात आणि विचारतात, ‘कसो आसस रे?’ दुखण्यानं खचलेल्या माणसाला या विचारण्यानं केवढा धीर येतो, ते दुखणं काढलेल्यालाच कळतं. ही रीत मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. पण काही घरांत हीच माया जिवावर बेतू शकते, आणि त्या घरांची संख्या आता गावोगाव वाढते आहे. म्हणून आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

सिंधुदुर्गातला कर्करोगाचा रुग्ण बहुधा परळला टाटा हॉस्पिटलात जातो, नाहीतर गोव्यात बांबोळीला. कीमोथेरपीचा डोस घेतो आणि पुढच्या डोसापर्यंत विश्रांतीसाठी गावी येतो. डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. म्हणजे तो घरी पोचून स्थिरावतो, ‘आलाय’ ही बातमी वाडीभर होते आणि माणसं बघायला यायला लागतात, नेमके तेच दिवस त्याच्या शरीराला सर्वांत नाजूक असतात. कुणीतरी कडेवरचं मूल घेऊन येतं. ‘पोराक जरा सर्दी आसा, बाकी काय नाय.’ आपल्यासाठी ते खरंच काही नसतं. त्याच्यासाठी ती सर्दी न्यूमोनिया होऊ शकते. अशा रुग्णाला १००.४ फॅरनहाइटपर्यंत ताप चढला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नसते, तातडीनं इस्पितळ गाठायचं असतं. आणि किनाऱ्यावरच्या एखाद्या वाडीतून बांबोळी म्हणजे काही तासांचा रस्ता. इस्पितळ लांब असलेल्या मुलखात जंतू घरात न येऊ देण्याला शहरापेक्षा जास्त मोल आहे.

कर्करोग हे एकच उदाहरण. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला नवा अवयव शरीरानं झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबणारी औषधं घ्यावी लागतात, तीही बहुतेक वेळा आयुष्यभर. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी माणसं, डायलिसिसवरचे रुग्ण, प्लीहा काढलेले, एचआयव्हीमुळे पेशी घटलेले आणि प्रतिकारशक्तीतच उणीव घेऊन जन्मलेली बाळं हे सगळे याच बाजूला येतात. यातले कित्येक दिसायला धडधाकट असतात. बाजारात भेटतात, मासे घेतात, हसतात.

‘मग त्यांना लस द्या की!’ असं कुणीही म्हणेल. द्यायलाच हवी. पण इथे दोन अडचणी आहेत. गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस या लशींत दुबळा केलेला पण जिवंत जंतू असतो. निरोगी शरीर त्याला सहज आवरतं. दाबलेल्या प्रतिकारशक्तीला तो आवरेलच अशी खात्री नसते, म्हणून अशा रुग्णाला या लशी बहुतेक वेळा देत नाहीत. फ्लू (इंजेक्शनची), न्यूमोकोकस, हिपॅटायटिस बी या लशींत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे त्या चालतात. पण ज्या शरीरानं लशीला प्रतिसाद द्यायचा तेच थकलेलं असतं, म्हणून संरक्षण अपुरं पडू शकतं. डायलिसिसच्या रुग्णाला हिपॅटायटिस बी लशीची मात्रा दुप्पट देतात, ती याचसाठी. नागिणीवरची जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, पण तिची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे.

यातून एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते, ती म्हणजे वेळ. औषध सुरू होण्याआधी विचारायला हवं. जिवंत लस द्यायची तर निदान चार आठवडे आधी, बाकीच्या शक्यतो दोन आठवडे आधी. नियोजित शस्त्रक्रियेत प्लीहा काढायची असेल तर न्यूमोकोकसची लस त्याआधी घेतलेली बरी. मोठ्या आजाराचं नाव ऐकल्यावर घर गोंधळून जातं, पैसे कुठून आणायचे यातच सगळे गुंततात आणि ‘डॉक्टर, आधी कुठल्या लशी घ्यायच्या?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या घाईत हा एक प्रश्न लक्षात ठेवून विचारणारं कुणीतरी सोबत असावं. तसंच, घरात आधीचं एखादं तान्हं मूल पुन्हापुन्हा जंतुसंसर्ग होऊन गेलं असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी देण्याआधीच ते डॉक्टरांना सांगायला हवं. अशा जन्मजात उणिवांची तपासणी परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होते. ही माहिती आपल्याकडच्या आयांपर्यंत फारशी पोचलेली नाही.

आता मूळ प्रश्न. ज्याला लस घेता येत नाही किंवा घेऊनही ती पुरती लागू पडत नाही, त्याचं रक्षण कुणी करायचं? त्याच्या भोवतीच्या माणसांनी स्वतः लस घेऊन. याखेरीज मला दुसरं उत्तर दिसत नाही. गोवर झालेलं माणूस खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. तो पसरू नये म्हणून शंभरातल्या पंचाण्णवांना दोन डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवर उसळला आणि लहान मुलं दगावली. करोना महासाथीच्या काळात लशी राहून गेलेली मुलं हे त्याचं एक मोठं कारण होतं. अशा वेळी रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी काय करायचं? त्यांच्या हातात त्यांच्या मुलासाठी ती लसच नसते. असते ती शेजारच्या मुलाच्या दंडात.

आपली सगळी रचना मात्र उलटी आहे. इस्पितळातून घरी पाठवताना कागद मिळतो तो रुग्णाला. गर्दीत जाऊ नका, मास्क लावा, कच्चं खाऊ नका, लग्नाला जाऊ नका, देवळात जाऊ नका. सगळी बंधनं त्याच्यावर. शेजाऱ्याला, मेव्हण्याला, मुंबईहून येणाऱ्या भावाला कुणी कागद देत नाही. जो आधीच वाकला आहे त्याच्याच पाठीवर सगळं ओझं ठेवायचं आणि ज्यांना एक सुई टोचून घेणं सहज परवडतं त्यांनी मोकळं फिरायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आणि आमच्या मुलखाला सगळ्यांनी मिळून झीज सोसण्याची सवय नाही असंही नाही. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांची गावपळण सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांच्या अंतरानं देवाचा कौल होतो आणि ठरल्या दिवशी अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री माळावर राहुट्यांत राहतो. ही प्रथा कशातून आली याबद्दल निरनिराळी मतं आहेत आणि मला त्यात शिरायचं नाही. मला मोलाचं वाटतं ते एवढंच, की तिथे ‘मला काय गरज’ असं म्हणून कुणी मागे राहत नाही. गैरसोय सगळे वाटून घेतात. धडधाकट माणूस म्हाताऱ्यांना सांभाळत नेतो. एवढी शिस्त ज्या लोकांच्या अंगवळणी आहे, त्यांना फ्लूची एक सुई जड जाऊ नये.

२०२० च्या चतुर्थीची आठवण मुद्दाम काढतो. चाकरमान्यांना किती दिवस वेगळं ठेवायचं, चौदा की दहा, यावरून केवढा वाद झाला! भाऊ भावाला ‘यंदा येऊ नको’ म्हणाला. पुढे लस आली, साथ ओसरली आणि तो कडवटपणाही विरला. तेव्हाची सावधगिरी मुख्यतः स्वतःच्या जिवाची होती. ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी आहे त्यांचं ते वर्ष अजून संपलेलं नाही. आजही गर्दीतला खोकला ऐकून ते दचकतात. भीती आपली होती तेव्हा आपण सगळं पाळलं. आता ती फक्त त्यांची उरली आहे, तर आपण काय पाळतो?

चतुर्थीचंच घेऊ. महाराष्ट्रात फ्लूचा एक मोठा जोर पावसाळ्यात असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुडुंब भरलेल्या गाड्यांतून माणसं गावी येतात. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसानं निघण्याआधी निदान दोन आठवडे फ्लूची लस घेतलेली असावी, कारण संरक्षण तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. घरातल्या मुलांच्या गोवर-रुबेलाच्या मात्रा पूर्ण असाव्यात. पोलिओचे थेंब घरातल्या बाळाला द्यायचे की इंजेक्शन, हे मात्र डॉक्टरांना विचारावं, कारण थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो. घसा खवखवत असेल तर त्या घरी आरतीला जाऊ नये. देव समजून घेईल.

पंचामृताचं सांगायला हवं, कारण तिथे मनं दुखावतात. कच्च्या दुधातून जंतू जाऊ शकतात, म्हणून अशा माणसानं ते पिऊ नये. पण हातावर घातलेलं तीर्थ नाकारणं आपल्याकडे केवढं अवघड! तेव्हा यजमानानंच आधी ओळखून त्याच्या हातावर फूल ठेवावं. त्याला ‘नको’ म्हणायची वेळच येऊ देऊ नये. किनाऱ्यावरच्या घरांसाठी आणखी एक. कालवं नीट शिजवल्याशिवाय त्याच्या ताटात वाढू नयेत. माशाचा काटा टोचला, जखम खाऱ्या पाण्यात भिजली तर ती दुखरी, लाल होण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवावी, कारण उबदार समुद्रातले काही जंतू अशा शरीरात फार झपाट्यानं पसरतात. यकृताचा आजार असलेल्यांनाही हेच लागू आहे. लावणीच्या चिखलात त्यानं अनवाणी उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसनं या जिल्ह्यात किती घरं हादरवली आहेत हे वेगळं सांगायला नको, आणि त्यावर आपल्याकडे माणसांसाठी लस नाही. त्याच्या वाटचे चार वाफे भावकीनं लावून द्यावेत.

इथे एक शंका रास्त आहे. एवढं सगळं पाळलं तर तो माणूस एकटा पडणार नाही का? पडतो. आजारानं जेवढं खचत नाही तेवढं काही जण या एकटेपणानं खचतात, म्हणूनच मी ‘जाऊ नका’ म्हणत नाही. आपल्या घरांना खळं आहे, पडवी आहे. मोकळ्या हवेत, चार हातांवर बसलं तर संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा कितीतरी कमी होतो. दहाजणांनी एकदम जाण्यापेक्षा दोघांनी जावं. हात धुवावेत, मास्क लावावा, म्हणजे त्याला एकट्याला मास्कमध्ये अवघडून बसावं लागणार नाही. त्याच्या बायकोला बाजारातून काही हवं का ते विचारावं, बांबोळीच्या फेरीला सोबत करावी. हेही बघायला जाणंच आहे.

सर्वांत नाजूक भाग लाजेचा आहे. ‘तुम्ही लस घेतलीत का?’ हे पाहुण्याला विचारणं घरच्यांना उद्धटपणाचं वाटतं. ‘येऊ नका’ म्हटलं तर ‘एवढे मोठे झाले’ असं ऐकावं लागतं. काहींना कारणही सांगता येत नाही. एचआयव्हीचं नाव गावात उच्चारलं तर काय होतं ते आपण सगळे जाणतो. कुणी मुलीच्या लग्नाच्या काळजीनं आजार लपवतं. अशा घरानं ‘जरा लांबून भेटू’ म्हटलं, तर कारण विचारू नये. कुणीतरी काळजी घ्यायला सांगतंय, एवढंच कारण पुरेसं मानावं. आणि ‘मी लस घेतली आहे, खोकला नाही, येऊ का?’ हे पाहुण्यानंच फोनवर आधी सांगितलं, तर घरच्यांची केवढी मोठी अडचण दूर होते.

पैशाचा प्रश्न उरतो. मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या नेमून दिलेल्या लशी सरकार फुकट देतं. मोठ्या माणसानं फ्लूची लस घ्यायची तर बहुधा स्वतःच्या खिशातून. मच्छीमाराच्या घरात पाच माणसांना दरवर्षी ती घेणं सोपं नाही, तेही पावसाळ्यात, जेव्हा होड्या ओढून ठेवलेल्या असतात. मला वाटतं, अशा रुग्णांसोबत एका घरात राहणाऱ्यांनाही ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळावी. आशाताईंना कुठल्या घरात गरज आहे ते ठाऊक असतं. यादीत फक्त माणसांची संख्या लिहावी, आजाराचं नाव लिहू नये. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडता येईल. तेव्हा सुट्टीला आलेली मुंबईची मंडळीही गावात असतात आणि पावसाला अजून महिनाभर अवकाश असतो.