काळे आकाश आणि रिकामी चौकट

छायाचित्रावर असत्याचा आरोप करावयाचा झाला, तर तो बहुधा भलत्याच जागी केला जातो. कृष्णधवल निसर्गचित्रांचा नाद असलेल्या कोणाही गृहस्थाला याचा अनुभव असेल. चंदीगडच्या सुखना तलावावरून टिपलेले शिवालिकच्या रांगांचे चित्र पाहुण्यांपुढे ठेवावे, तर पहिला आक्षेप आकाशावर येतो. आकाश एवढे काळे कधी असते काय? आणि येथील धुरकट हवेत कसौलीकडचे डोंगर इतके रेखीव कोणी पाहिले आहेत?

आक्षेप खरा आहे, पण निरुपद्रवी आहे. भिंगापुढे तांबडा फिल्टर लावला की आकाशाचा निळा प्रकाश अडतो आणि कागदावर आकाश गडद उतरते. दूरच्या डोंगरांवरचे धुरकटपण बव्हंशी निळसरच असल्यामुळे तेही गळून पडते. फिल्टर फार गडद असेल, तर प्रकाश कितीतरी पट अधिक द्यावा लागतो, एवढाच काय तो दंड. उलट काहीच न लावावे, तर फिल्म निळ्याला आपल्या डोळ्यापेक्षा अधिक दाद देते व आकाश फिके, निस्तेज येते. म्हणजे ‘जसे आहे तसे’ नावाचा पर्याय या कलेत मुळात उपलब्धच नाही. १८६३ मध्ये सॅम्युएल बोर्न हिमालयात शिरला, तेव्हा त्याच्या ओल्या कोलोडियनच्या काचांना जवळजवळ निळा प्रकाश तेवढाच कळत असे. त्यामुळे त्या काळच्या हिमशिखरांवर कोरे पांढरे आकाश पसरलेले दिसते. १९२७ साली ॲन्सेल ॲडम्सने अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यातल्या हाफ डोम या कड्याचे चित्र प्रथम पिवळ्या फिल्टरने घेतले, आणि मनात होते ते उतरणार नाही असे वाटून उरलेली एकच काच गडद तांबड्या फिल्टरने खर्च केली. आकाश जवळजवळ काळे झाले. यांतले खोटे कोणते? दोन्ही चित्रे पाहणाऱ्याला पहिल्याच क्षणी सांगून टाकतात की, आम्ही रंग गाळले आहेत. जे वगळणे उघडपणे केले जाते, त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

चौकटीचे तसे नाही. चौकटीबाहेर काय ठेवले, याविषयी चित्र मौन पाळते. त्या सुखनाच्या चित्रात खाली निश्चल पाणी आहे, मध्ये रानाचा गडद पट्टा आणि वर डोंगर. सृष्टीच्या आरंभापासून हे असेच असावे, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः ते पाणी तेथे १९५८ साली आले. सुखना नावाच्या चो-वर, म्हणजे पावसाळ्यापुरत्या वाहणाऱ्या ओढ्यावर, मातीचा बांध घालून हा तलाव झाला. ल कॉर्ब्युझिएची कल्पना आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांची खटपट. बांधावरून वाहने जाऊ नयेत व पाण्यात मोटारबोटी फिरू नयेत हा आग्रहही कॉर्ब्युझिएचाच. आपल्याला तेथे जी ‘नैसर्गिक’ शांतता भेटते, ती शासकीय निर्बंधातून आलेली आहे. पुढे उघड्या टेकड्यांवरची माती पावसाबरोबर येऊन तलाव गाळाने भरू लागला, तेव्हा पाणलोटात लहान बंधारे घातले गेले, खैर व शिसवीची लागवड झाली. १९९८ मध्ये त्या रानाला अभयारण्य ठरविले. तेव्हा तो गडद पट्टासुद्धा पुष्कळसा फायलींतून उगवलेला आहे! (अरण्यापायीही टिपणे लिहावी लागतात, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.)

हीच चौकट थोडी डावीउजवीकडे सरकवली, तर आणखी काही दिसू लागते. तलावाला लागून कैंबवाला हे जुने गाव आहे. या नगरासाठी जी गावे उठवली गेली, त्यांच्या मोडतोडीतले दगड व खापऱ्या गोळा करून नेकचंद यांनी तलावाजवळच्याच जंगलात आपली बाग रचली; ती १९७६ मध्ये लोकांना खुली झाली. पुण्याच्या माझ्या वृद्ध आत्याने ते चित्र हाती घेऊन विचारले, “अरे, तिकडे माणसे राहतात की नाही?” काळ्या आकाशाविषयी ती चकार शब्द बोलली नाही. आरोप योग्य जागी करणारी तेवढी तीच.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक चौकट काही ना काही वगळतेच, चित्रकारही वगळतो. खरे आहे. पण चित्रकाराचे झाड हा कशाचाही पुरावा नसतो. छायाचित्र ‘हे समोर होते’ अशी साक्ष देते, आणि साक्षीदाराच्या मौनाला अर्थ असतो. विजेचा खांब कुरूप म्हणून टाळला, तर कोणाची समजूत बिघडत नाही. परंतु पाहणारा ही भूमी निर्जन समजणार हे ठाऊक असताना, आणि तसे समजल्याने चित्राची किंमत वाढते म्हणून माणसे टाळणे, ही निराळी गोष्ट आहे. ॲडम्सच्या त्या योसेमिटीचेच पाहा. तेथील मूळ रहिवाशांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी घालून हुसकावले होते. पुढे जगाने ज्याला मानवस्पर्शरहित सृष्टी म्हणून वाखाणले, ती सृष्टी रिकामी केलेली होती. ॲडम्सने ती रिकामी केली नाही. पण त्याच्या काळ्या आकाशाखाली ते रितेपण सनातन वाटू लागले.

हा प्रश्न बदलीवर फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना अधिक लागू आहे, असे मला वाटते. सह्याद्रीत, आपल्या स्वतःच्या गावी, आपण सहसा असे चित्र घेत नाही. तेथे प्रत्येक बांधाला नाव असते, पाणंद कोणाची यावरून दोन पिढ्यांचे वैर असते. डोंगराकडे पाहिले की त्याखालची विहीर आठवते. नावे ठाऊक असली की नुसता ‘देखावा’ दिसणे कठीण होते. परक्या प्रांतात तीन वर्षांसाठी आलेल्या माणसाला मात्र देखावा फार लवकर दिसतो, कारण त्याला तेथे कोणाचे काही देणे नसते. कार्यालयाच्या खिडकीतून जिल्हा दिसतो, तोही पुष्कळदा असाच: नकाशा स्वच्छ आणि माणसे चौकटीबाहेर.

म्हणून चित्रे घेण्याचे सोडावे असे मी म्हणत नाही. प्रत्येक निसर्गचित्रात एक शेतकरी उभा करावा असेही नाही. तसले शेतकरी छायाचित्रांच्या प्रदर्शनांत पुष्कळ असतात, आणि तेही देखावाच होऊन बसतात. चित्राची हकिगत उघड सांगितली तर ते टिकते की कोसळते, एवढे पाहावे. सुखनाचे चित्र टिकते. प्रतीच्या पाठीवर ‘बांध, १९५८, पलीकडचे रान लावलेले, चौकटीबाहेर, कैंबवाला’ एवढे लिहिल्याने ते पाणी कमी निश्चल होत नाही. माझ्या मते ते अधिक पाहावेसे वाटते. अलीकडे मी कॅमेरा पाण्यापासून थोडा मागे घेतो, म्हणजे बांधाचा दगडी उतार आणि संध्याकाळी त्यावरून फिरणारी माणसे खालच्या कडेला येतात. आकाश अजूनही तांबड्या फिल्टरने काळेच करतो.