शेत खाणारं कुंपण

जंतुसंसर्ग मूत्रमार्गात किंवा आतड्यात सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांत रुग्णाला श्वास पुरेनासा होतो. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढुरकी दिसतात. संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या सेप्सिसमध्ये डॉक्टरांना हे वारंवार पाहावं लागतं. संसर्ग एकीकडे आणि सूज फुप्फुसात, असं का? वैद्यकाने याचं उत्तर अनेकदा बदललं, आणि दरवेळी आपल्याच पांढऱ्या पेशींविषयीचं मतही बदललं.

या पेशींना मानाचं पान मिळालं ते १८८२मध्ये. सिसिलीतल्या मेसिना इथे प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा! शरीराला स्वतःचे राखणदार आहेत ही कल्पना इथून रुजली. १९०८चं नोबेल त्याला पॉल एर्लिखसह विभागून मिळालं. राखणदारांवर संशय घ्यायला तेव्हा कारण नव्हतं.

कारण मिळालं ते अँटिबायोटिक्स आल्यावर. जंतू मरू लागले, तरी काही रुग्ण वाचेनात. १९६७मध्ये डेन्व्हरच्या अॅशबॉ, पेटी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांची हकीकत मांडली. कुणाला अपघात, कुणाला स्वादुपिंडाचा दाह, कुणाला न्यूमोनिया; फुप्फुसांची अवस्था मात्र एकच. पुढे तिला एआरडीएस (तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह) म्हणू लागले. इतक्या निरनिराळ्या कारणांची इजा एकच असेल, तर ती करणारा हात शरीराचाच असावा. १९७२मध्ये डॉक्टर-लेखक लुइस थॉमस यांनी जंतूंपेक्षा आपल्या प्रतिकाराचाच धोका मोठा, असं लिहिलं. १९८५मध्ये बॉयट्लर आणि सेरामी यांनी दाखवलं, की मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी सोडतात तो टीएनएफ हा रेणू आधीच अडवला, तर जंतुविष टोचलेले उंदीर वाचू शकतात. कुंपणच शेत खातं, हे पटलं.

ते खातं कसं, हेही उलगडत गेलं. हृदयाच्या उजव्या बाजूचं जवळजवळ सगळं रक्त फुप्फुसातून जातं. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद, की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीला अंग चोरून, लांबट होऊन पुढे सरकावं लागतं. सेप्सिसमध्ये ही पेशी ताठर होते आणि तिथेच अडकते. मग जंतूंसाठी राखलेली एन्झाइमं ती वाहिनीच्या अस्तरावर ओतते. २००४मध्ये बर्लिनच्या संशोधकांना दिसलं, की ती स्वतःच्या डीएनएचं जाळंही फेकते. त्यात जंतू सापडतात, पण अस्तरही पोळतं. मग ते पाझरू लागतं आणि वायुकोशांत हवेऐवजी प्रथिनयुक्त पाणी भरतं.

आता कुंपण काढलं की झालं, असं वाटलं. पण टीएनएफ अडवणारी औषधं सेप्सिसच्या रुग्णांना तारू शकली नाहीत. १९९६च्या एका चाचणीत तर जास्त डोस मिळालेल्यांत मृत्यू वाढले. न्यूट्रोफिल जवळजवळ नसलेल्या रुग्णांतही एआरडीएस होतो, हेही दिसत होतं. २०११मध्ये सेप्सिसने दगावलेल्यांच्या प्लीहा आणि फुप्फुसं तपासली, तेव्हा तिथल्या प्रतिकारपेशी थकून निष्प्रभ झालेल्या आढळल्या. एकाच आजारात अतिरेक आणि दुबळेपण दोन्ही होतं. शिवाय वायुकोशातला जो मॅक्रोफेज आधी हाकाटी करतो, तोच पुढे मेलेले न्यूट्रोफिल गिळून दाह शमवतो. त्याला आरोपी म्हणायचं की साक्षीदार?

त्यामुळे आता पेशीच्या स्वभावाऐवजी वेळ आणि ठिकाण यांचा विचार होतो. कोविडमध्ये दाह शमवणाऱ्या डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटवले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता, त्यांना त्याचा काही फायदा झाला नाही. त्याआधी, २०००मध्ये, व्हेंटिलेटरचा श्वास अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरवरून ६वर आणल्याने एआरडीएसमधले मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१वर आले. त्यात एकाही पेशीवर औषध चालवलं नव्हतं. तरी दाहाचा निदर्शक इंटरल्यूकिन-६ अधिक घटला. ताणलेलं फुप्फुसच पेशींना चिथावत होतं. राखणदाराला शिक्षा करण्याआधी त्याला कोण डिवचतंय हे पाहायला हवं, एवढं शहाणपण वैद्यकाला शतकभराने आलं.