मोजणारें यंत्र आणि मोजणारें मन

जेथें लबाडी करणें शक्यच नाहीं, तेथील प्रामाणिकपणाला सद्गुण म्हणतां येईल काय? प्रश्न जुनाच आहे. परंतु आम्हांस तो प्रथम सुचला एका क्षुल्लक खेळण्यामुळें, म्हणून त्या खेळण्यापासूनच आरंभ करितों.

निन्टेंडो या जपानी कंपनीनें १९८३ सालीं घरगुती व्हिडिओ गेमचें यंत्र बाजारांत आणिलें, आणि १९८४ सालीं त्यावर 'गोल्फ' नांवाचा खेळ आला. त्याची आज्ञावली सातोरू इवाता या तरुणानें लिहिली. हाच गृहस्थ पुढें २००२ सालीं त्या कंपनीचा अध्यक्ष झाला. अठरा खळग्यांचें मैदान, दिशा बदलणारा वारा आणि एक मिशाळ खेळाडू, एवढें सारें त्यानें एका लहानशा कॅसेटमध्यें बसविलें. बटण तीनदां दाबावयाचें: पहिल्यानें दांडा उचलला जातो, दुसऱ्यानें फटक्याचा जोर ठरतो, तिसऱ्यानें चेंडूची दिशा. दाब क्षणभर चुकला कीं चेंडू झाडींत गेलाच म्हणून समजावें. या यंत्राच्या स्वस्त नकला पुढें १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडेहि आल्या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत गोल्फचें मैदान पाहिलेला मनुष्य विरळाच. तेथेंहि आम्ही मुलें टीव्हीसमोर बसून पडद्यावरच्या हिरवळीवर फटके मारीत असूं.

खऱ्या गोल्फमध्यें प्रत्येकाच्या पाठीशीं पंच नसतो. आपली चूक आपणच सांगावी, हा त्या खेळाचा धर्म. १९२५ सालच्या अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्सचा चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें. तरी त्यानें स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. अखेरीस बरोबरी झाली आणि फेरसामन्यांत तो हरला. आमच्या विटीदांडूंत याच्या उलट प्रकार! मागितलेले दांडे अधिक वाटले कीं प्रतिपक्ष लागलीच जमीन मोजूं लागतो. एकीकडे साक्षी मन, दुसरीकडे साक्षी प्रतिस्पर्धी. यंत्राला मात्र दोघांचीहि गरज नाहीं. फटके तें स्वतःच मोजतें. त्याच्यापुढें आम्ही कधीं खोटें बोललों नाहीं, कारण बोलण्याचा प्रसंगच येत नसे.

कोणी म्हणेल, भांडण मिटलें, हिशेब बिनचूक झाला, आणखी काय पाहिजे? या म्हणण्यांत तथ्य आहे. खोट्या काट्यानें नागवल्या जाणाऱ्या मजुराला व्यापाऱ्याच्या सदसद्विवेकावर विसंबावयास सांगणें क्रूरपणाचें होय. दुर्बळाच्या रक्षणासाठीं चोख मोजमाप हवेंच.

परंतु वैशाखांत ऐन खेळांत वीज जाई. त्या खेळाला स्मरणशक्ति नव्हती; वीज गेली कीं सारे आंकडे पुसले जात. मग अंधारांत प्रश्न उठे, कोणाचे किती फटके झाले होते? तासभर बिनचूक हिशेबांत वावरलेल्या आम्हां मुलांपैकीं प्रत्येकाचे फटके एकाएकीं कमी होत. आम्हींहि एकदां दोन कमी सांगितले, आणि तें अद्याप विसरलों नाहीं. यंत्रानें आम्हांस हिशेब दिला होता; खरेपणा दिला नव्हता. आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें. खोटें बोलण्यास वाव असतां जो खरें बोलतो, त्याच्याच ठायीं सद्गुण आहे असें म्हणतां येतें.

उन्हाळ्यांतच आमच्या भागांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. सत्तर पानांचा एक पुडा, आणि असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. प्रत्येक पुडा सोडून पानें मोजूं म्हटलें, तर हंगाम सरेल पण मोजणी सरणार नाहीं. पहांटे रानांत जाऊन आलेली बाई पुडा बांधते, तेव्हां सत्तरावें पान तिच्या मनाच्या साक्षीनेंच त्यांत पडतें. आणि ते पुडे मोजून घेणाऱ्यालाहि तोच धर्म पाळावा लागतो. तो त्यानें मोडला, तर नुकसान तिच्या चुलीचें होतें.

म्हणून यंत्रें मोजतात तेथें त्यांना खुशाल मोजूं द्यावें. परंतु घरांतील मुलांना आपले फटके आपणच मोजून सांगावयाची संवयहि लावावी, आणि एखादें मूल खरा आंकडा सांगून हरलें, तर त्या दिवशीं त्याच्या पाठीवरून हात फिरवावयास वडील माणसांनीं विसरूं नये.