‘डेंजर’ आणि जोखीम

सिरसाळ्याच्या बसथांब्यावर परळीच्या गाडीची वाट पाहत असतां शेजारच्या दोन तरुणांचें बोलणें आमच्या कानीं पडलें. पाहिलेला चित्रपट ‘डेंजर’, मित्राची नवी फटफटी ‘डेंजर’, आणि सकाळची मिसळ तर ‘एकदम डेंजर’! समोरच विजेच्या खांबावर कवटीचें चित्र असलेली ‘धोका’ अशी पाटी होती. तिच्याकडे मात्र कोणाचें लक्ष नव्हतें.

अशा बोलण्यास आम्ही नाक मुरडीत नाहीं. ‘भयंकर आवडलें’ असें आमच्या घरींहि म्हणतात. परंतु या शब्दाचें कुळ पाहण्यासारखें आहे. लॅटिनमधील ‘धनी’ या अर्थाच्या ‘डोमिनस’पासून निघून जुन्या फ्रेंचच्या वाटेनें तो इंग्रजींत आला. धन्याची सत्ता हा त्याचा मूळ अर्थ. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्यें असणें म्हणजे त्याच्या मुठींत असणें. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्यें ऋणको अँटोनिओविषयीं पोर्शिया हा शब्द उच्चारते, तो याच अर्थानें. अपायाचा संभव हा अर्थ मागाहून रूढ झाला.

हा जुना अर्थ सिरसाळ्यापासून दूर नाहीं. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. हंगामांत ती फिटली नाहीं, तर बाकी पुढील वर्षाच्या मानेवर बसते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात; दुखण्यानें खाडा पडला, तरी त्याची भरपाई द्यावी लागते. येथील कित्येक तोडणीवाल्या बायकांचीं गर्भाशयें काढल्याचें उघडकीस आलें, तेव्हां २०१९ सालीं शासनास चौकशीसाठीं समिती नेमावी लागली. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानेंच बंद झालेली आहे!

कोणी म्हणेल, उचल स्वखुषीनें घेतात, तेव्हां ती त्यांनीं पत्करलेली जोखीम होय. येथेंच विचार करावयास हवा. कोरडवाहू शेतकरी पावसाच्या भरंवशावर मूठभर बीं मातींत टाकतो, ती जोखीम; तिच्यांत त्याचा पुरुषार्थ आहे, कारण निर्णय त्याचा आहे. पण ज्यास नाहीं म्हणण्याची सोयच नाहीं, त्याच्या होकारास स्वखुषी कसें म्हणावें? तो जोखीम घेत नाहीं; तो दुसऱ्याच्या मुठींत जातो. दोहोंस एकच नांव दिलें म्हणजे दोष त्याच्या माथीं जातो आणि आपण मोकळे राहतों.

गाडी आली. मिसळीस ‘डेंजर’ म्हणणारा तरुण चढतां चढतां मित्रास म्हणाला, “यंदा आई-बापूंसंगं मीबी तोडीला जाणार.” या वाक्यांत तो शब्द नव्हता. तो तेथें वापरण्याचें काम त्याचें नव्हे, आपलें आहे. त्या उसाची साखर आपल्याच चहांत पडते.