डगल्याचा खरा रंग

इंचभर उंचीचा धातूचा शिपाई हातात घेऊन, त्याच्या डगल्यास १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर जो रंग होता तोच द्यावयाचा, अशा निश्चयाने जो छांदिष्ट गृहस्थ जुनी फर्माने, चित्रे आणि वस्तुसंग्रहालयांतील कपडे यांची शहानिशा करीत बसतो, त्याला व्यवहारी माणसे प्रौढ वयातले मूल समजतात. परंतु त्याचा प्रश्न नीट पारखून पाहिला, तर आपल्याकडील नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतके ज्यासाठी झगडले तोच प्रश्न त्याने नकळत टेबलावर मांडलेला आहे, असे दिसून येते. वस्तूला खरा असा रंग असतो काय, आणि असल्यास तो कोठे राहतो?

सरकारी दफ्तराचे उत्तर सोपे आहे: हुकुमात लिहिला असेल तो. पण इंग्रज पायदळाचा डगला लाल असावा, या एकाच हुकुमाबरहुकूम एकाच पलटणीत दोन लाल रंग नांदत होते. साध्या शिपायाचे जाड कापड आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील एका वनस्पतीच्या मुळ्यांनी रंगविलेले असे, आणि ऊनपावसात ते विटकरी छटेकडे झुके; अधिकाऱ्याचे तलम कापड मेक्सिकोतील निवडुंगावर पोसलेल्या कोचिनील किड्यांच्या रंगात बुडवलेले, म्हणून झळझळीत शेंदरी. फ्रेंचांकडे तर हुकूमच स्थिर नव्हता. इंग्रज आरमाराच्या नाकेबंदीमुळे नीळ दुर्मिळ व महाग झाली, तेव्हा १८०६ मध्ये नेपोलियनने पायदळास निळ्याऐवजी पांढरे डगले देण्याचे ठरविले, काही पलटणींनी ते शिवूनही घेतले, आणि पुढच्याच वर्षी तो बेत सोडून देण्यात आला. १८१२ साली बार्डिन नावाच्या अधिकाऱ्याने गणवेशाचे सविस्तर नियम सिद्ध केले. त्याच वर्षी रशियावर चालून गेलेले बहुतेक शिपाई मात्र जुन्याच तऱ्हेच्या पोशाखात होते. दफ्तरातला रंग ही सरकारची इच्छा होय. ती अंगावर चढेपर्यंत मक्तेदार, रंगारी आणि हवामान यांच्या हातून जात असे. मग अस्सल डगलाच पाहावा, तर दोन शतकांत त्याचाही रंग पालटलेला, आणि टिकून राहिलेला डगला बहुधा अधिकाऱ्याचाच. शिपायाने आपला डगला झिजेपर्यंत वापरला.

येथे बौद्ध आचार्य धर्मकीर्तीचा अनुयायी पुढे सरसावून म्हणेल की, निळा रंग आणि निळ्याचे ज्ञान ही नेहमी एकत्रच प्रत्ययास येतात, म्हणून ती भिन्न नव्हेत. ज्यांनी तो डगला पाहिला ते सारे मृत झाल्यावर त्याच्या रंगाचा शोध व्यर्थ आहे. युक्तिवाद तीक्ष्ण आहे, पण तो मानला तर शोध करणाऱ्यास एक कल्पना चुकीची आणि दुसरी बरोबर असे म्हणण्याचा अधिकारच उरत नाही, आणि हा अधिकार तर तो पदोपदी बजावीत असतो. माझा कौल नैयायिकांकडे आहे. त्यांच्यापैकी अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगून ते केवळ चक्षूने ग्राह्य असा गुण ठरविले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पार्थिव द्रव्याचे रूप पाकज, म्हणजे तेजाच्या संयोगाने पालटणारे आणि म्हणून अनित्य, असे त्याने मानले. काळा कच्चा घट भट्टीत तांबडा होतो. उन्हात विटलेल्या डगल्यासही हाच न्याय लावण्यास शास्त्राची हरकत नसावी. अर्थात् रंग खरा होता, द्रव्यात होता, पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून नव्हता. मात्र त्याला तारीख होती. ‘इंग्रजी लाल कोणता?’ असे जो विचारतो तो रक्तत्व ही जाती, म्हणजे सर्व लाल वस्तूंत समान असणारे लालपण, मागत असतो, आणि जाती अंगात घालून कोणीही लढाईस उभा राहिलेला नाही.

आणखी एक पेच उरतो. अठ्ठावीस मिलिमीटरची मूर्ती दोन फुटांवरून पाहणे म्हणजे सुमारे एकशेवीस फुटांवर उभा असलेला मनुष्य पाहणे होय, आणि तेवढ्या अंतरावरची हवा रंग फिका करते. म्हणून मूळ कापडाची तंतोतंत छटा लहानग्या मूर्तीवर गडद व खोटी दिसते, आणि मूर्ती रंगविणारे जाणकार ती मुद्दाम उजळ करतात. यात बौद्धाचा विजय झाला असे कोणी समजू नये. अंतर हेही पाहणाऱ्याच्या लहरीबाहेरचे, मोजता येण्याजोगे सत्यच आहे.

तेव्हा प्रथम पलटण, स्थळ आणि दिवस ठरवावा, व मगच रंगाची बाटली उघडावी. १८ जून १८१५ हा दिवस घेतला असेल, तर आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता आणि सैन्याने ती रात्र उघड्यावर काढली होती. त्या दिवशीच्या शिपायाला विटकरी, ओलसर डगला आणि चिखलाने माखलेली विजार द्यावी, आणि शेंदरी रंग अधिकाऱ्यांपुरता राखून ठेवावा.