सनद आणि श्रद्धा
१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. आज त्याच बडोद्यातील मराठी कुटुंबे परदेशगमनासाठी अलकापुरीतील सल्लागारांच्या कचेऱ्या धुंडाळतात, आणि व्हिसाची हमी देणाऱ्यापुढे, देवापुढे ठेवावी तशी, आयुष्याची पुंजी ठेवतात. परीक्षेवाचून ठेवलेली ही निष्ठा श्रद्धा म्हणावी की बुद्धीचा आळस? रामदासांनी दासबोधात सद्गुरूची लक्षणे सांगितली, ती साधकाने पारख करावी म्हणूनच. व्हिसा ही परक्या सरकारची मर्जी असल्यामुळे हमी देणारा, मग तो कितीही मधुरभाषी असो, तत्काळ बाद समजावा. पारख करावी ती सनदेने: अमेरिकेत स्थलांतराचा कायदा संघराज्याचा असल्याने कोणत्याही एका राज्याची सनद असलेला वकील दुसऱ्या राज्यातील अशिलासही चालतो. रक्कम भरण्यापूर्वी ती सनद पाहावी.